रुग्णनिवेदित परिणाम

वेदना, थकवा, मळमळ, झोप, उदासी, रोजची कामे जमणे-न जमणे यांविषयी रुग्णाने स्वतः दिलेली आणि मध्ये कोणी अर्थ न लावता नोंदवलेली माहिती म्हणजे रुग्णनिवेदित परिणाम. गाठीचा आकार स्कॅनमध्ये दिसतो. थकवा रुग्णालाच विचारावा लागतो. 1940च्या दशकात आलेली कार्नोफ्स्की मोजपट्टी रुग्णाला रोजची कामे कितपत जमतात यावर 0 ते 100 गुण देते, पण ते गुण डॉक्टर ठरवतो, म्हणून ती या प्रकारात बसत नाही.

प्रश्नावल्या पुष्कळ आहेत. ‘ईक्यू-5डी’त हालचाल, स्वतःची काळजी, नेहमीची कामे, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाचच प्रश्न; प्रत्येकाला पाच पर्याय धरले तर आरोग्याच्या 3,125 अवस्था होतात. गुणांत किती बदल झाला म्हणजे रुग्णाला फरक जाणवतो, हे मात्र वेगळे ठरवावे लागते. हजारो रुग्णांच्या अभ्यासात क्षुल्लक फरकही सांख्यिकीय कसोटीवर ‘लक्षणीय’ ठरतो.

अशा माहितीचे गणिती विश्लेषण करणाऱ्या जीवसांख्यिकीतज्ज्ञाचा कस लागतो तो कोऱ्या रकान्यांपाशी. ज्याची प्रकृती ढासळते तोच बहुधा प्रश्नावली भरायचे सोडतो. उरलेल्यांची सरासरी काढली की सगळे सुधारत चालल्याचा भास होतो. शेवटचे उत्तर पुढे ओढत नेण्याची जुनी पद्धत सोपी खरी, पण ती खालावणारी प्रकृती स्थिर दाखवते. म्हणून आता एकेका कोऱ्या जागी अनेक संभाव्य उत्तरे घालून गणित पुन्हा पुन्हा करतात, आणि गृहीतके मुद्दाम बिघडवून निष्कर्ष टिकतो का ते पाहतात. मृत्यू पावलेल्याचे उत्तर ‘गहाळ’ नसते, ते अस्तित्वातच नसते. या दोहोंची गल्लत अजूनही होते. नेहमीच्या उपचारांच्या नोंदींत आणखी एक पेच असतो: उपचाराच्या शास्त्रीय चाचणीत भेटीच्या तारखा ठरलेल्या असतात, इथे त्रास वाढला की रुग्ण येतो. त्यामुळे उत्तर कधी मिळाले, हेही विश्लेषणात धरावे लागते.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या परिणामांविषयी मार्गदर्शिका 2009 मध्ये काढली. त्याच वर्षी इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने खुब्याचे व गुडघ्याचे सांधे बदलण्यापूर्वी आणि नंतर रुग्णांकडून प्रश्नावल्या भरून घेणे सुरू केले. 2017 मध्ये अमेरिकेतील 766 कर्करुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आले: लक्षणे संगणकावर स्वतः नोंदवणाऱ्यांचा चाचणीत आल्यापासून जगण्याचा मध्यक काळ (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो) 31.2 महिने, नेहमीची देखभाल मिळालेल्यांचा 26. लक्षण बळावले की परिचारिकेला सूचना जाई, हे त्यामागचे एक संभाव्य कारण. चाचणी एकाच केंद्रातली होती, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.