हायडलबर्गचा राजवाडा: एकीवर छप्पर, दुसरी उघडी

जर्मनीतल्या हायडलबर्गच्या राजवाड्याच्या चौकातून उत्तरेला फ्रेडरिक चौथ्याची इमारत धडधाकट दिसते, तर पूर्वेच्या ओट्टहाइनरिशच्या इमारतीत खिडक्यांमधून सरळ आभाळ दिसतं. दगड तोच, तांबडा वालुकाश्म. फरक पडला तो छपरामुळे.

मुळात हा एकाच आराखड्याने बांधलेला राजवाडा नव्हे. पॅलेटिनेट या जर्मन संस्थानाच्या अनेक इलेक्टरांनी (सम्राट निवडण्याचा अधिकार असलेल्या राजांनी) जुन्या तटाच्या आत आपापली इमारत उभी केली. फ्रेडरिक आणि ओट्टहाइनरिश हे त्यांतलेच. लुडविग पाचव्याने 16व्या शतकाच्या पूर्वार्धात तोफांसाठी तट आणि बुरूज जाडजूड केले. ओट्टहाइनरिशने 1556 पासून इटालियन वळणाची इमारत उभारली. तिच्या दर्शनी भिंतीवर 16 मूर्ती आहेत. फ्रेडरिकची इमारत 1601 ते 1607 मधली, स्थपती योहानेस शोख. तिच्यावर मूर्ती पूर्वजांच्या, आणि नक्षी चौकाकडे तसंच शहराकडे, दोन्ही बाजूंना.

फ्रेंच सैन्याने 1689 आणि 1693 मध्ये राजवाडा जाळला, सुरुंगांनी उडवला. आग्नेय कोपऱ्यातल्या बुरुजाची भिंत सुमारे साडेसहा मीटर जाड. स्फोटाने तिचा चुरा झाला नाही; अर्धा बुरूज अखंड सुटून खंदकात कलला, तो आजही तसाच आहे. पुढे डागडुजी झाली, पण 24 जून 1764 रोजी वीज पडून पुन्हा आग लागली. त्यानंतर दुरुस्ती थांबली आणि लोक इथले दगड बांधकामाला नेऊ लागले. 1810 मध्ये आलेल्या शार्ल द ग्रँबर्ग या फ्रेंच सरदाराने ही लूट थांबवण्यासाठी आयुष्य घातलं.

छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो. पाणी वरून आतल्या भरावात मुरतं, सांध्यांतला चुना धुऊन नेतं. थंडीत ते गोठून फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. मजल्यांच्या तुळया नसल्याने भिंतीला मागून आधारही उरत नाही. म्हणून अशा भिंतीचा माथा झाकणं आणि सांधे वेळच्या वेळी भरणं हेच खरं काम.

1891 मध्ये तज्ज्ञांच्या समितीने ठरवलं: पुन्हा बांधणं शक्य नाही, आहे ते टिकवता येईल. अपवाद फ्रेडरिकच्या इमारतीचा. ती आतून जळली होती, पण बाहेरून शाबूत होती. स्थपती कार्ल शेफरने 1897 नंतर तिचा अंतर्भाग नव्याने घडवला. तो देखणा आहे, पण 1607चा नाही. शेफरला ओट्टहाइनरिशच्या इमारतीवरही छप्पर चढवायचं होतं. 1901 मध्ये कलेतिहासकार गेओर्ग देहिओने कडाडून विरोध केला: जतन करा, नवं रचू नका. तो वाद देहिओच्या बाजूने सुटला, आणि ते योग्यच झालं. मूळ माथा नेमका कसा होता याबद्दल तेव्हाच्या जाणकारांतही एकमत नव्हतं.