आधी दिलेलं वाटणीत धरायचं का?

थोरल्याच्या फ्लॅटला वडिलांनी फंडातून पैसे घातले. मुलीच्या लग्नात आणि दागिन्यांत बरेच गेले. धाकट्याला परदेशी शिकायला पाठवलं. आता राहतं घर तिघांत सारखं वाटायचं, की आधीचा हिशेब लावून? मराठी घरांतली बरीच भांडणं मृत्युपत्रापेक्षा या प्रश्नावर होतात. प्रश्न जुना आहे आणि प्रत्येक काळाच्या कायद्याने त्याचं वेगळं उत्तर दिलं आहे.

बापाने जिवंतपणी वाटणी केली तर थोरल्याला उजवा वाटा द्यावा किंवा सगळ्यांना सारखं द्यावं, असे दोन्ही पर्याय याज्ञवल्क्यस्मृतीत आहेत. कल्याणीच्या चालुक्य दरबारात विक्रमादित्य सहाव्याच्या काळात या स्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने ही मोकळीक आवळली. कमीजास्त वाटणी करायची तर ती बापाने स्वतः कमावलेल्यातून. शिवाय शास्त्रात असली तरी विषम वाटणी लोकांना रुचत नाही, म्हणून करू नये, असंही तो सांगतो. शास्त्रकाराने लोकांच्या नाराजीला एवढं वजन द्यावं, हे मला फार बोलकं वाटतं. वडिलार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मापासून, त्यामुळे बापाचे हात बांधलेले. मायेपोटी थोडी जंगम चीजवस्तू मात्र तो कुणालाही देऊ शकत असे. मुलीच्या वाट्याला स्त्रीधन.

वतनदार घरांत आणखी एक गुंता होता. पाटीलकीच्या जमिनीच्या तक्षिमा, म्हणजे हिस्से, पडत, पण वडीलपण, म्हणजे शिक्का आणि पहिला मान, थोरल्या शाखेकडेच राही. महाराष्ट्रात मुलकी पाटलांची वतनं १९६२च्या कायद्याने गेली. थोरलेपणाची भाषा काही गेली नाही.

खरा बदल आणला पगाराने. भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२चा, ग्रॅच्युइटीचा १९७२चा. निवृत्तीला एकरकमी हाती येणारा हा पैसा स्वकष्टार्जित, म्हणजे कुणाला किती द्यायचं ते सर्वस्वी आईवडिलांच्या मर्जीवर. वडिलांनी स्वतःच्या कमाईतलं एका मुलाला बक्षीस दिलं, तर ते त्याच्या हातात वडिलोपार्जित ठरतं का, हा वाद १९५३ साली अरुणाचल मुदलियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने म्हटलं, देणाऱ्याचा हेतू बघा. दस्तात काय लिहिलंय ते वाचा. बक्षीसपत्रात ‘स्वतंत्र मालकीहक्काने’ असं आवर्जून घालणाऱ्या वकिलाच्या मनात हाच प्रश्न असतो.

मुलींचं प्रकरण जास्त टोकदार. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या मिळकतीत मुलीला मुलाबरोबरीची वारस केलं, पण एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला नाही. महाराष्ट्राने तो १९९४ साली दिला, मात्र आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळून. देशभर तो २००५च्या दुरुस्तीने आला. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे २०२०च्या विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. तरीही दुय्यम निबंधकाच्या कचेरीत बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतात आणि साडीचोळी घेऊन परततात. ‘तुझं लग्नात दिलं’ हे कारण ठरलेलं. भावाच्या कॉलेजला भरलेली देणगी त्याच्या वाट्यातून वजा केल्याचं मात्र मी कुठे ऐकलेलं नाही.

कायदा असं काही वजा करतच नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायदा फक्त मागे उरलेलं वाटतो. हयातीत कुणाला काय दिलं, ते विचारत नाही. ख्रिस्ती कुटुंबांना लागू असलेल्या १९२५च्या भारतीय वारसा कायद्याचं कलम ४९ तर उघड म्हणतं की मुलाला मार्गी लावण्यासाठी दिलेलं त्याच्या हिश्शात धरायचं नाही.

गोव्यात उलट आहे. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता तिथे १८७० पासून लागू झाली आणि तिची चौकट २०१२च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही टिकून आहे. मुलं असतील तर निम्मी मिळकत त्यांच्यासाठी राखीव. मर्जीने देता येते ती उरलेली निम्मी. कुणाला हयातीत बक्षीस दिलं असेल, तर इन्व्हेंटरीच्या, म्हणजे मृताच्या मिळकतीची यादी करून वाटणी करण्याच्या, वेळी ते हिशेबात परत आणून बेरीज होते आणि मग वाटे पडतात. जुन्या संहितेत तर बाकीच्या मुलांच्या संमतीशिवाय आईबापांना एका मुलाला घर विकताही येत नसे, कारण विक्रीच्या नावाखाली बक्षीस देण्याची वाट सगळ्यांनाच ठाऊक होती.

इकडे मात्र देणं सोपं होत गेलं. मृत्यूनंतरच्या मिळकतीवरचा संपदा शुल्क कर १९८५ला गेला. देणाऱ्यावरचा बक्षीस कर १९५८ ते १९९८ असा चाळीस वर्षं होता. २००४ पासून परक्याकडून आलेल्या मोठ्या रकमेवर घेणाऱ्याला आयकर लागू लागला, पण आईवडिलांकडून आलेलं करमुक्तच राहिलं. २०१५ला महाराष्ट्राने राहतं घर आणि शेतजमीन मुलामुलींना, नातवंडांना बक्षीस देताना मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये केलं; इतर आकार वेगळे. त्याआधी शुल्क किमतीच्या टक्केवारीत होतं. ‘मृत्युपत्र कशाला, आत्ताच नावावर करा’ असा आग्रह धरणाऱ्या मुलांना हा मोठाच आधार मिळाला.

नावावर करून दिल्यावर पोरं विचारीनाशी झाली, तर काय? २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ यासाठीच आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस, अट मोडली तर रद्द करून घेता येतं. महाराष्ट्रात अर्ज प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा. अशी अट होती हे दाखवावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितलं. २०२५च्या जानेवारीत उर्मिला दीक्षित खटल्यात त्याच न्यायालयाने हा कायदा वृद्धांच्या बाजूने उदारपणे वाचायला हवा असं म्हणत आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं. त्या प्रकरणात मुलाने सांभाळाचं वचन वेगळ्या कागदावर लिहून दिलेलं होतं.