याआ असांतेवा आणि सोन्याच्या आसनाचं युद्ध

२८ मार्च १९०० रोजी ब्रिटिश गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन यांनी कुमासीत असांते सरदारांची सभा बोलावली. असांते हे आजच्या घानातलं राज्य, कुमासी ही त्याची राजधानी. हॉजसन यांनी जुन्या युद्धाच्या थकलेल्या खंडणीचा तगादा लावला आणि सोन्याचं आसन माझ्यापुढे आणा, त्यावर बसण्याचा हक्क माझा आहे, असंही बजावलं.

पण त्या आसनावर असांते राजासुद्धा बसत नाही. ओसेई टुटू यांनी विखुरलेली असांते राज्यं एकत्र आणली, तेव्हा पुरोहित ओकोम्फो अनोक्ये यांनी ते आकाशातून उतरवलं आणि साऱ्या असांतेंचा आत्मा त्यात आहे, अशी श्रद्धा आहे. हॉजसन यांची मागणी म्हणजे उघड विटंबना होती.

मात्र प्रतिकार करणार कोण? १८७४ मध्ये ब्रिटिशांनी कुमासी जाळली होती. १८९६ मध्ये राजा प्रेम्पे पहिले यांना त्यांच्या आईसह आणि कित्येक सरदारांसह कैद करून देशाबाहेर नेलं. एजिसू या असांते राज्याचा प्रमुखही त्यांच्यात होता. तो याआ असांतेवा यांचा नातू. त्याच्या मागे एजिसूचा कारभार असांतेवांकडे आला.

हा अधिकार काही आपत्तीतून अचानक उपजला नव्हता. असांते समाजात वंश आईकडून चालतो. प्रत्येक गादीवर प्रमुखाबरोबर एक ओहेमा, म्हणजे राजमाता, असते. ती त्याची आईच असेल असं नाही, बहीण किंवा मावशीही असू शकते. तिचं स्वतःचं आसन असतं, गादी रिकामी झाली की वारसाचं नाव ती सुचवते आणि प्रमुख चुकला तर त्याला तोंडावर सुनावते. असांतेवा एजिसूच्या ओहेमा होत्या. त्यांना एकांड्या वीरांगनेच्या रूपात रंगवताना ही परंपराच पुसली जाते, आणि ते मला फार खटकतं. पश्चिम आफ्रिकेतल्याच दाहोमी राज्याच्या स्त्री-पलटणींची गोष्ट निराळी, त्या राजाच्या हुकमतीत लढत. इथे युद्धाचं नेतृत्वच ओहेमाकडे होतं.

सभेनंतर सरदार कचरू लागले. पुरुष पुढे होणार नसतील तर आम्ही बायका लढू, असं असांतेवांनी त्यांना सुनावल्याचं घानात आजही सांगतात. त्या वेळी त्यांनी साठीच्या आसपास मजल गाठली होती.

लवकरच कुमासीतल्या ब्रिटिश किल्ल्याला वेढा पडला. असांतेंनी वाटांवर ओंडक्यांचे भक्कम अडसर उभारले, त्यामुळे मदतीला येणाऱ्या तुकड्या जंगलातच अडखळत. आत अन्न संपलं, रोगराई पसरली. २३ जूनला हॉजसन कसेबसे निसटले. जुलैच्या मध्यावर कर्नल विलकॉक्स यांची फौज किल्ल्यापर्यंत पोहोचली आणि पुढे पारडं फिरलं. असांतेवा पकडल्या गेल्या. त्यांची रवानगी सेशेल्स बेटांवर झाली, तिथेच १९२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

१ जानेवारी १९०२ पासून असांते प्रदेश ब्रिटिश साम्राज्यात सामील करण्यात आला. आसन मात्र असांतेंनी लपवून ठेवलं होतं. ते ब्रिटिशांच्या हाती कधीच लागलं नाही. प्रेम्पे १९२४ मध्ये परतले, १९३५ मध्ये असांतेंचा राज्यसंघ पुन्हा उभा राहिला. ओहेमाचा अधिकारही टिकला: १९९९ मध्ये आताचे राजे ओसेई टुटू दुसरे यांचं नाव गादीसाठी सुचवलं ते तेव्हाच्या राज-ओहेमा नाना आफिया कोबी यांनीच.