बिनपगारी इंटर्नशिपसाठी विद्यापीठांचे उन्हाळी अनुदान

अमेरिकेतील महाविद्यालये आणि विद्यापीठे आपल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनपगारी किंवा नावापुरत्या पगाराची इंटर्नशिप करता यावी म्हणून जी रक्कम देतात, ती म्हणजे उन्हाळी इंटर्नशिप अनुदान. काम करायचे संग्रहालयात, गरिबांना कायदेविषयक मदत करणाऱ्या संस्थेत किंवा लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात आणि पैसे मिळायचे विद्यापीठाकडून, अशी ही व्यवस्था आहे. कुठे तिला स्टायपेंड म्हणतात, कुठे ग्रँट, अवॉर्ड किंवा फेलोशिप. हे कर्ज नसते, त्यामुळे परतफेडीचा प्रश्न येत नाही. साधारण आठ ते दहा आठवड्यांच्या पूर्णवेळ कामासाठी ते दिले जाते आणि रक्कम बहुधा काही हजार डॉलरच्या घरात असते.

अमेरिकी विद्यापीठांचे वर्ष मे महिन्याच्या आसपास संपते आणि ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात पुन्हा सुरू होते. मधले तीन महिने बेताच्या परिस्थितीतल्या मुलांसाठी कमाईचे असतात. दुकानात, हॉटेलात, मुलांच्या शिबिरात काम करायचे आणि पुढच्या वर्षाच्या खर्चाला हातभार लावायचा. याच महिन्यांत इंटर्नशिपही करावी अशी आता अपेक्षा असते, कारण पहिल्याच नोकरीच्या अर्जात अनुभव विचारला जातो. ज्याला घरून पैसे येतात त्याला हा पेच पडत नाही. ज्याला येत नाहीत त्याला दोहोंतले एक सोडावे लागते. हा पेच सोडवण्यासाठी ही अनुदाने निघाली आणि ती तो खरोखर किती सोडवतात, यावरच त्यांची पारख व्हायला हवी.

जागा बिनपगारी का असतात

किमान वेतनाचा अमेरिकी कायदा, फेअर लेबर स्टँडर्ड्स ॲक्ट, १९३८ चा. तो ‘कर्मचाऱ्या’ला लागू होतो. रेल्वेत काम शिकणारे उमेदवार या अर्थाने कर्मचारी नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये वॉलिंग विरुद्ध पोर्टलंड टर्मिनल या खटल्यात दिला आणि पुढची सगळी चर्चा त्यावर उभी राहिली. २०१० मध्ये श्रम खात्याने खासगी कंपन्यांसाठी सहा निकष जाहीर केले. ते सगळे पाळले तरच इंटर्नला बिनपगारी ठेवता येई. २०११ मध्ये दाखल झालेल्या ग्लॅट विरुद्ध फॉक्स सर्चलाइट या खटल्यात चित्रपटनिर्मितीतल्या इंटर्नांनी पगार मागितला. २०१३ मध्ये खालच्या न्यायालयात निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण २०१५ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला आणि ‘मुख्य लाभ कोणाचा, विद्यार्थ्याचा की मालकाचा’ ही कसोटी घालून दिली. श्रम खात्याने २०१८ मध्ये तीच स्वीकारली. तिच्यात सात मुद्दे आहेत, एकही एकट्याने निर्णायक नाही, आणि त्यामुळे मालकांना पूर्वीपेक्षा मोकळीक मिळाली.

सरकारी कार्यालये आणि धर्मादाय संस्था यांच्याबाबत तर वाद फारसा नाहीच. तिथे मोबदल्याची अपेक्षा न ठेवता केलेल्या कामाला कायद्यातच जागा आहे. समाजसेवा, कला, पत्रकारिता, सार्वजनिक आरोग्य, राजकारण या क्षेत्रांत बिनपगारी जागा जास्त दिसतात, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. वित्तक्षेत्र किंवा संगणक क्षेत्रातल्या मोठ्या कंपन्या इंटर्नना चांगला पगार देतात. म्हणजे ज्या क्षेत्रात पुढे कमाई कमी, त्या क्षेत्राच्या दारातच फुकट काम करावे लागते.

पगार नसला की संरक्षणही पातळ होते. १९९७ मध्ये एका अपील न्यायालयाने मनोरुग्णालयात काम करणाऱ्या बिनपगारी विद्यार्थिनीची लैंगिक छळाची तक्रार, ती कर्मचारी ठरत नाही म्हणून, रोजगारविषयक कायद्याखाली ग्राह्य धरली नाही. ओरेगॉन राज्याने २०१३ मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने २०१४ मध्ये बिनपगारी इंटर्नना असे संरक्षण देणारे कायदे केले. विद्यापीठाचे अनुदान घेतल्याने विद्यार्थी त्या संस्थेचा कर्मचारी होत नाही. हे अर्ज भरतानाच विद्यार्थ्याला स्पष्ट सांगायला हवे.

अनुदानाचे नमुने

एक नमुना स्पर्धेचा. विद्यार्थी अर्ज करतो, समिती निवड करते, निधी संपला की बाकीचे रिकाम्या हाताने परततात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचा समर इंटर्नशिप ग्रँट प्रोग्रॅम या जातीचा आहे. प्रिन्स्टनमध्ये १९६९ च्या पदवीधरांच्या तुकडीने १९९६ मध्ये सुरू केलेल्या निधीतून नागरी सेवेच्या इंटर्नशिपचा कार्यक्रम, पिक्स, उभा राहिला. त्यात माजी विद्यार्थी पैशांबरोबर मार्गदर्शनही करतात. स्टॅनफर्डचे हास सेंटर कार्डिनल क्वार्टर या नावाने एक पूर्ण सत्र सार्वजनिक सेवेत घालवण्यासाठी मदत देते. शिकागो विद्यापीठाने १९९७ मध्ये सुरू केलेल्या मेटकाफ इंटर्नशिपची तऱ्हा वेगळी. तिथे विद्यापीठ स्वतःच जागा जमवते आणि त्या पगारी राहतील अशी व्यवस्था करते.

दुसरा नमुना हमीचा. मॅसॅच्युसेट्समधल्या स्मिथ कॉलेज या महिला महाविद्यालयाने रूथ सिमन्स अध्यक्ष असताना, १९९० च्या दशकाच्या अखेरीस, प्रॅक्सिस योजना आणली. पदवीच्या काळात प्रत्येक विद्यार्थिनीला एका उन्हाळ्यासाठी अनुदान मिळेल, असे तिचे सूत्र. जवळच्याच माउंट होलियोक या महिला महाविद्यालयाने पुढे लिंक नावाने अशीच हमी दिली. येल विद्यापीठाचा डोमेस्टिक समर अवॉर्ड आर्थिक साहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी आहे आणि तो ना-नफा संस्था, सरकार, कला अशा क्षेत्रांतल्या बिनपगारी किंवा कमी पगाराच्या कामाला मिळतो.

हमीचा नमुना मला निःसंशय सरस वाटतो. पैसे मिळणार हे आधी ठाऊक असेल तर विद्यार्थी फेब्रुवारीतच संस्थेला होकार कळवू शकतो. स्पर्धेत निकाल एप्रिलपर्यंत लांबतो आणि तोवर सावध मूल किराणा दुकानातली उन्हाळी नोकरी पक्की करून बसलेले असते. ज्यांच्यासाठी निधी काढला तेच अर्ज करत नाहीत.

अर्ज, कागद आणि वेळ

अर्जात सहसा चार गोष्टी लागतात. संस्थेचे पत्र, त्यावर देखरेख करणाऱ्या व्यक्तीची सही, किती आठवडे आणि आठवड्याला किती तास याचा उल्लेख. कामाचा शिक्षणाशी संबंध सांगणारा छोटा निबंध. आर्थिक साहाय्याची माहिती. आणि खर्चाचा अंदाज. अनेक ठिकाणी नफ्यावर चालणाऱ्या कंपन्या बाद असतात. उन्हाळा संपल्यावर अहवाल द्यावा लागतो, आणि निधी देणगीदाराच्या नावाचा असेल तर आभाराचे पत्रही.

लहान संस्थांचे होकार एप्रिल-मेपर्यंत येतात, अनुदानाची मुदत मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते. संस्थेचे पत्र नाही म्हणून अनुदान नाही आणि अनुदान नाही म्हणून संस्थेला होकार देता येत नाही, असा फेरा तयार होतो. ‘पत्र आणा, तोवर तुमची रक्कम राखून ठेवतो’ अशी सशर्त मंजुरी हा त्यावरचा साधा इलाज आहे.

पैसे हातात कधी पडतात, हे तर रकमेइतकेच महत्त्वाचे. न्यूयॉर्क किंवा वॉशिंग्टनमध्ये उन्हाळ्यापुरती खोली घ्यायची तर मे महिन्यातच अनामत आणि पहिले भाडे द्यावे लागते. विमानाचे किंवा रेल्वेचे तिकीट त्याआधी. जून निम्मा सरल्यावर येणारा चेक, किंवा पावत्या दाखवल्यावर मिळणारी भरपाई, ज्याच्या क्रेडिट कार्डावर ऐपत आहे त्यालाच उपयोगी पडते.

हिशेब

खर्चाच्या अंदाजाचा तक्ता नीट वाचण्यासारखा असतो. भाडे, जेवण, मेट्रोचा पास, प्रवास, कधी कामावर घालायचे कपडे, असे रकाने त्यात असतात. बुडालेल्या मजुरीचा रकाना सहसा नसतो. दहा आठवडे, आठवड्याला ४० तास म्हणजे ४०० तास. केंद्राचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलरवर थांबले आहे. त्या दरानेही २,९०० डॉलर होतात. वॉशिंग्टन शहराने जुलै २०२४ पासून लागू केलेल्या १७.५० डॉलरच्या दराने तेच तास ७,००० डॉलरचे. त्यामुळे ४,००० डॉलरचे अनुदान घेऊन तिथे राहणाऱ्या विद्यार्थ्याचे भाडे आणि जेवण कदाचित निघेल, पण सप्टेंबरात परतताना त्याच्याकडे शिल्लक काही नसेल.

आणि शिल्लक नेमकी तेव्हाच लागते. अनेक विद्यापीठे आर्थिक साहाय्य ठरवताना विद्यार्थ्याने स्वतः काही रक्कम उन्हाळ्यात कमावून आणावी, असे धरून चालतात. साहाय्याच्या पत्रात तो आकडा विद्यार्थ्याचा वाटा म्हणून छापलेला असतो. बिनपगारी इंटर्नशिप केली तरी हा वाटा आपोआप कमी होत नाही. इंटर्नशिप कार्यालय एका हाताने देते आणि आर्थिक साहाय्य कार्यालय दुसऱ्या हाताने मागते. शेवटी ती तफावत कर्जाने भरली जाते. काही विद्यापीठे अनुदान मिळालेल्यांचा हा वाटा माफ करतात किंवा तेवढी रक्कम अनुदानात वाढवून देतात. ज्या योजनेत ही तरतूद नाही ती गरजूंसाठी आहे असे म्हणणे मला पटत नाही.

श्रेयांकांचा, म्हणजे पदवीसाठी लागणाऱ्या क्रेडिटचा, भाग आणखी चीड आणणारा आहे. काही मालक ‘विद्यापीठाकडून क्रेडिट मिळत असेल तरच घेऊ’ अशी अट घालतात, कारण त्यामुळे आपली कायदेशीर बाजू भक्कम होते असे त्यांना वाटते. पण उन्हाळ्यात क्रेडिट घ्यायचे म्हणजे त्याचे शुल्क भरायचे. विद्यार्थी फुकट राबतो, वर त्यासाठी पैसे मोजतो, आणि अनुदानाचा काही भाग शुल्काच्या रूपाने विद्यापीठाकडेच परत जातो. यातून वाट म्हणून काही महाविद्यालये शुल्क न घेता गुणपत्रिकेवर इंटर्नशिपची नोंद करून देतात.

करही आहे. शिकवणी शुल्क, पुस्तके यांवर खर्च होणारी शिष्यवृत्ती करमुक्त असते. राहण्याजेवणासाठी दिलेली रक्कम मात्र करपात्र उत्पन्नात येते. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या अनुदानातून कर सहसा आधी कापला जात नाही, तो विद्यार्थ्याने स्वतः विवरणपत्रात दाखवायचा असतो. एफ-१ व्हिसावरच्या परदेशी विद्यार्थ्यांना अमेरिकेतल्या इंटर्नशिपसाठी मिळालेल्या रकमेतून, कर-कराराची सवलत नसेल तर, साधारणपणे १४ टक्के कर आधीच कापला जातो. शिवाय काम अभ्यासक्रमाचा भाग आहे असे दाखवून सीपीटीची, म्हणजे शिकत असताना अभ्यासक्रमाशी निगडित काम करण्याची, परवानगी घ्यावी लागते ती वेगळीच.

पैसा येतो कुठून

मुख्यतः माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून आणि कायम निधीच्या व्याजातून. १९६४ च्या इकॉनॉमिक ऑपॉर्च्युनिटी ॲक्टने सुरू झालेला फेडरल वर्क-स्टडी हा केंद्राचा कार्यक्रमही ना-नफा संस्थांतल्या उन्हाळी कामाला वापरता येतो. त्यात मजुरीचा मोठा वाटा, सर्वसाधारणपणे ७५ टक्क्यांपर्यंत, केंद्र उचलते. पण महाविद्यालयांकडचा हा निधी बराचसा शैक्षणिक वर्षातच संपतो आणि परदेशी विद्यार्थ्यांना तो मिळत नाही.

देणग्यांवर उभी असल्यामुळे ही व्यवस्था श्रीमंत खासगी संस्थांत बहरली. राज्यांच्या विद्यापीठांत आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांत, जिथे गरजू मुले संख्येने कितीतरी जास्त आहेत, तिथे ती तोकडी आहे. देणगी गोळा करणाऱ्या कार्यालयाची ताकद मुलाच्या उन्हाळ्याचे भवितव्य ठरवते.

आक्षेप

सर्वांत गंभीर आक्षेप असा की विद्यापीठ मालकाचे वेतन स्वतः भरते आणि बिनपगारी जागांची प्रथा टिकवते. नफा कमावणाऱ्या कंपनीबाबत तो पूर्णपणे बरोबर आहे. घरमालकाने बाहेर काढलेल्या कुटुंबांचे खटले लढवणाऱ्या, स्वतःच देणग्यांवर चालणाऱ्या संस्थेला तो लावता येत नाही. दुसरा प्रश्न उपयोगाचा. महाविद्यालये आणि नियोक्ते यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे नेसच्या, २०१३ च्या पाहणीत पगारी इंटर्नशिप केलेल्या सुमारे ६३ टक्के विद्यार्थ्यांना नोकरीचा किमान एक प्रस्ताव आला होता. बिनपगारी केलेल्यांत हे प्रमाण ३७ टक्के आणि इंटर्नशिपच न केलेल्यांत ३५ टक्के होते. क्षेत्रांतला फरक यात मिसळलेला आहे. कला आणि समाजसेवेत नोकऱ्या मुळातच कमी आणि उशिरा निघतात. तरी अनुदान देणाऱ्या समितीने हे आकडे समोर ठेवावेत आणि संस्थेत शिकवणारे, लक्ष देणारे कोणी आहे का, हे आधी तपासावे.

मालकानेच पैसे द्यावेत या मागणीला काही ठिकाणी यश आले आहे. संसदेने २०१८ मध्ये इंटर्नांच्या मानधनासाठी स्वतंत्र तरतूद केली. प्रतिनिधिगृहाला ८८ लाख आणि सिनेटला ५० लाख डॉलर मिळाले. व्हाइट हाउसने २०२२ च्या शरद ऋतूपासून इंटर्नना पैसे द्यायला सुरुवात केली. अशा मानधनात वॉशिंग्टनचा उन्हाळा निभतोच असे नाही, म्हणून बऱ्याच विद्यापीठांनी कमी पगाराच्या जागांनाही अनुदान लागू केले. काही ठिकाणी संस्थेकडून मिळणारी रक्कम अनुदानातून वजा केली जाते, काही ठिकाणी ठरावीक मर्यादेपर्यंत दोन्ही घेता येतात. वजावटीच्या नियमात विद्यार्थ्याने संस्थेकडे मानधन मागून मिळवले तरी त्याच्या पदरात काहीच जास्त पडत नाही. मर्यादेच्या नियमात ते पैसे त्याचेच राहतात.