तालुक्याच्या गावी दुसरं घर किरायाने द्यायला घ्यायचंय, पगार बेताचा आहे : कर्ज कसं मिळतं, कागदं काय लागतात

आपल्या इकडे वणी, पुसद, ब्रह्मपुरी, हिंगणघाट, परतवाडा अशा गावांत बरेच जण हा विचार करतात की गावात राहायचं घर तर आहेच, आता तालुक्याला दोन-तीन खोल्यांचं एखादं घर घेऊन ठेवू, शिक्षक, बँकवाले, एसटीवाले किंवा शिकणारी पोरं किरायाने राहतील आणि त्या किरायातून हप्ता निघेल. विचार वाईट नाही. पण घाईत होतं असं की घर आवडलं म्हणून आधी इसार देऊन टाकतात, मग बँकेत जातात, आणि बँक म्हणते कागद चालत नाही. खेड्यापाड्यात कर्ज पगारामुळे जेवढं अडत नाही तेवढं घराच्या कागदामुळे अडतं, म्हणून क्रम असा ठेवा : आधी कागद, मग बँक, आणि इसार सगळ्यात शेवटी.

पहिला प्रश्न, दुसऱ्या घराला होम लोन मिळतं का. मिळतं. आधीचं घर स्वतःचं आहे, त्यावर कर्ज चालू आहे, तरी मिळतं, फक्त जुना हप्ता मोजला जातो. सबसिडी मात्र विसरा. पंतप्रधान आवासची व्याजाची सबसिडी देशात कुठंही पक्कं घर नसलेल्यांसाठी आहे, एजंट कितीही सांगो, दुसऱ्या घराला ती लागत नाही. आणि बँकेला खरं सांगा की घर किरायाने द्यायचं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही, उलट किराया किती येईल ते दाखवलं तर काही बँका त्यातला थोडा भाग उत्पन्नात धरतात.

आता किती मिळेल ते पाहू. हातात येणाऱ्या पगाराच्या साधारण 45 ते 50 टक्के रक्कम सगळ्या हप्त्यांत जाऊ द्यायला बँका तयार असतात, पगार कमी असला तर त्याहून कमी. समजा नवरा-बायकोचे मिळून महिन्याला 32,000 हातात येतात आणि गाडीचा 2,500 हप्ता चालू आहे. 45 टक्के धरले तर 14,400, त्यातून गाडीचे गेले, उरले 11,900. 9 टक्के व्याज आणि 15 वर्षं धरली तर एक लाखाला साधारण 1,014 रुपये हप्ता बसतो, म्हणजे पावणेबारा लाखाच्या आसपास कर्ज. 20 वर्षं केली तर लाखाला 900 च्या जवळ येतो आणि कर्ज वाढतं, पण 10 लाखावर 15 वर्षांत सव्वाआठ लाख व्याज जातं तिथं 20 वर्षांत साडेअकरा लाखाच्या वर जातं. झेपत असेल तर 15 च करा. फ्लोटिंग, म्हणजे बाजाराप्रमाणे बदलत्या व्याजाचं होम लोन मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, त्यामुळे कापसाचे, संत्र्याचे पैसे आले की मुद्दलात टाकत जाणं सगळ्यात चांगलं.

बँक पूर्ण किंमत देत नाही. 30 लाखापर्यंतच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा घराच्या किमतीच्या 90 टक्के आहे, आणि किंमत म्हणजे तुम्ही ठरवलेली आणि बँकेच्या व्हॅल्युअरने काढलेली यातली जी कमी असेल ती. जुन्या विटामातीच्या घराला व्हॅल्युअर फार कमी धरतो, हे लक्षात असू द्या. स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रीचा खर्च किमतीत धरत नाहीत, घर 10 लाखाच्या आतलं असेल तर मात्र बँक तो धरू शकते. स्टॅम्प ड्युटी भागाप्रमाणे बदलते, ग्रामपंचायत हद्दीत कमी, नगरपरिषदेत जास्त, साधारण 6 टक्के धरून चला, वर नोंदणी फी 1 टक्का, जास्तीत जास्त 30,000. सौद्याची रक्कम आणि रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) यातलं जे जास्त असेल त्यावर ड्युटी लागते. घर एकट्या बाईच्या नावाने घेतलं तर ड्युटीत 1 टक्का सूट आहे, दोघांच्या नावाने केलं तर नाही. 13 लाखाच्या घराला हे 13,000 वाचतात, फक्त मालकीण कर्जात सहकर्जदार लागते.

म्हणजे 13 लाखाच्या घराला 1 लाख 30 हजार स्वतःचे, 90 हजाराच्या आसपास ड्युटी-नोंदणी, वकिलाचा सर्च (जुन्या मालकीची तपासणी), व्हॅल्युएशन, प्रोसेसिंग, आणि रंगरंगोटी, नळ, लाईट फिटिंग. तीन लाख हातात असल्याशिवाय सौद्याला बसू नका. हे तीन लाख पर्सनल लोनमधून किंवा पतसंस्थेतून काढायचा सल्ला कोणी दिला तर तो सरळ बाजूला ठेवा, कारण तो हप्तासुद्धा त्याच 45 टक्क्यांत मोजला जातो आणि व्याजही जास्त असतं.

आता सिबिल, म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो त्याचा रिपोर्ट आणि स्कोअर. अर्ज करायच्या महिनाभर आधी आपला रिपोर्ट काढून पाहा, प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअर 750 च्या वर असेल तर बोलणी सोपी जातात. आपल्याकडे तीन गोष्टींमुळे स्कोअर बिघडलेला निघतो : सोसायटीचं किंवा बँकेचं थकलेलं पीककर्ज, बायकोच्या नावाने घेतलेलं गटाचं मायक्रोफायनान्स कर्ज, आणि मामा-काकांच्या कर्जाला जमानतदार म्हणून केलेली सही. कर्जमाफीत बसलेलं खातं कधी कधी अजून थकीतच दिसतं, त्याचं बँकेकडून नो ड्यूज (काही बाकी नाही असा दाखला) घ्या आणि दुरुस्तीचा अर्ज टाका, 30 दिवसांत निकाली काढला नाही तर पुढं दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. सिबिल नीट झाल्याशिवाय चार बँकांत एकदम अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद होते.

तुमची कागदं तशी सोपी आहेत. आधार, पॅन, फोटो, राहत्या पत्त्याचा पुरावा. नोकरीवाल्याला शेवटच्या तीन ते सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, सहा महिन्यांचं स्टेटमेंट. दुकान, गॅरेज, शिवणकाम असं काही असेल तर दोन-तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, उद्यम किंवा शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट. पगार रोख मिळत असेल तर आजपासून खात्यात घ्यायला लागा, सहा महिन्यांनी त्याचा उपयोग कळेल. कास्तकारांसाठी वेगळं सांगतो : नुसता तहसीलचा उत्पन्नाचा दाखला बँकेला पुरत नाही, सात-बारा, आठ-अ, पिकाच्या विक्रीच्या पट्ट्या आणि ते पैसे खात्यात आल्याची नोंद लागते. कापूस सीसीआयला (सरकारच्या कापूस महामंडळाला) दिला तर पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात, तो चांगला पुरावा होतो. शेतीच्या उत्पन्नावर टॅक्स नसला तरी रिटर्नमध्ये ते दाखवता येतं आणि कर्जासाठी कामी येतं.

घराची कागदं, इथं नीट थांबा

गावठाणातलं घर असेल तर विकणारा बहुतेक वेळा ग्रामपंचायतचा नमुना 8 आणतो आणि म्हणतो मालकीचा कागद हाच. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नाही. नुसत्या त्याच्यावर बऱ्याच बँका कर्ज देत नाहीत. 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत त्या गावची ड्रोन मोजणी होऊन प्रॉपर्टी कार्ड निघालं असेल तर मात्र गोष्ट बदलते, म्हणून भूमी अभिलेख ऑफिसात आधी विचारा.

लेआऊटमधलं घर असेल तर अकृषक आदेश, मंजूर लेआऊटचा नकाशा, बांधकाम परवानगी आणि विकणाऱ्याची रजिस्ट्री हवी. वावराचे तुकडे पाडून शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी करून विकलेले प्लॉट प्रत्येक तालुक्याला आहेत, स्वस्त मिळतात, त्यावर घरंही उभी आहेत आणि किरायेदारही राहतात, पण होम लोनसाठी ते चालत नाहीत आणि पुढं विकतानाही तीच अडचण. नाही म्हणा, कितीही स्वस्त असो.

सात-बारावर भोगवटादार वर्ग 1 आहे का वर्ग 2 ते पाहा. वर्ग 2 असेल तर सरकारी परवानगीशिवाय विक्री करता येत नाही. नागपूर आणि अमरावती विभागातल्या जुन्या गावांत नझूलचे प्लॉट भरपूर आहेत, म्हणजे जमीन सरकारची आणि ती लीजवर दिलेली. लीजचं नूतनीकरण झालंय का, फ्रीहोल्ड (पूर्ण मालकीची) केलीय का, विकायची परवानगी आहे का, हे तिन्ही कागदावर पाहिल्याशिवाय बोलणी पुढं नेऊ नका. इतर हक्कात बोजा आहे का, वडिलोपार्जित असेल तर बहिणींची नावं फेरफारात लागली का, त्यांची संमती आहे का, हेही. डिजिटल सहीचा सात-बारा महाभूमी पोर्टलवर 15 रुपयांत निघतो, पटवाऱ्याची वाट पाहायची गरज नाही. इंडेक्स 2, म्हणजे झालेल्या रजिस्ट्रीचा सारांश, नोंदणी विभागाच्या वेबसाईटवर शोधता येतो. साधारण 30 वर्षांचा सर्च बँकेचा वकील काढतोच, पण तो बँकेसाठी असतो. दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालतील, आपला वकील लावून एकदा आधी पाहून घ्या, यात कंजूषी नको.

मग क्रम असा. कागदांच्या झेरॉक्सी घेऊन बँकेत जायचं, तोंडी होकार मिळाला की अर्ज. तेव्हाच इसारपत्र करा, त्यात लिहून घ्या की कर्ज मंजूर नाही झालं तर इसार परत. इसार चेकने किंवा ट्रान्सफरने द्या. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो, हे विकणाऱ्यालाही सांगा. पुढं वकिलाचा रिपोर्ट, व्हॅल्युअरची भेट, मंजुरीपत्र. मंजुरीसोबत की फॅक्ट स्टेटमेंट नावाचा कागद मिळतो, व्याज, सगळे चार्जेस, वर्षाचा खरा दर त्यात असतो, आणि तो तुम्हाला समजणाऱ्या भाषेत मागायचा हक्क आहे. विम्याची पॉलिसी कर्जात घातलीय का ते तिथंच दिसेल. नंतर रजिस्ट्री, त्याच दिवशी बँकेचा चेक विकणाऱ्याला, मूळ कागदं बँकेकडे.

किरायाने हप्ता निघतो का? सहसा नाही. तालुक्याला अशा घराला 5,000-5,500 किराया धरा, 11 लाख 70 हजाराच्या कर्जाचा हप्ता 11,900 च्या जवळ जातो, म्हणजे महिन्याला साडेसहा हजार घरून टाकायचे, आणि उन्हाळ्यात पोरं गावी गेली की दोन महिने खोल्या रिकाम्या. हे साडेसहा हजार दर महिन्याला पिकाच्या भरवशावर न राहता निघतील का, एवढंच आधी नवरा-बायकोने बसून पाहा. तीन हप्ते थकले, 90 दिवस झाले की खातं एनपीए (बुडीत कर्जात जमा) होतं आणि पुढं थकबाकी भरायची 60 दिवसांची नोटीस येते. टॅक्स वाचेल म्हणून कर्ज घेऊ नका. आता इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत 12 लाखापर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स लागत नाही, 32,000 वाल्याला वाचवायला टॅक्सच नाही, आणि किरायापेक्षा व्याज जास्त गेलं तर तो तोटा नव्या पद्धतीत पगारातून वजाही होत नाही.

किरायेदार ठेवताना तोंडी बोलीवर ठेवू नका. राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात करार लेखी आणि नोंदणीकृत करायची जबाबदारी घरमालकाची आहे, लिव्ह अँड लायसन्स (किरायाचा करार) ऑनलाईन होतो, नोंदणी फी ग्रामीण भागात 500 आणि शहरी भागात 1,000, वर थोडी स्टॅम्प ड्युटी. पोलीस स्टेशनला किरायेदाराची माहिती द्या. हाच करार पुढं बँकेत उत्पन्नाचा पुरावा म्हणूनही चालतो.

आणि कर्ज फिटलं की 30 दिवसांत मूळ कागदं परत द्यायची जबाबदारी बँकेची आहे, तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागदं घेताना नो ड्यूज लेखी घ्या, आणि सात-बारा किंवा प्रॉपर्टी कार्डावर बोजा चढवला असेल तर तो उतरवायचा अर्ज त्याच आठवड्यात देऊन टाका.