म्यूल डिअरची परवानाबद्ध शिकार आणि हंगामाची निवड (कोलोराडो)

अमेरिकेच्या कोलोराडो राज्यात म्यूल डिअर (ओडोकॉयलियस हेमिओनस) या हरणाची शिकार मोजक्या परवान्यांवर आणि ठरवून दिलेल्या हंगामांतच करता येते. राज्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ भागात सप्टेंबर ते नोव्हेंबर असे अनेक हंगाम पाठोपाठ येतात. एका परवान्यावर एक हत्यार आणि एकच हंगाम लिहिलेला असतो. त्यामुळे कोणता हंगाम मागायचा हा शिकाऱ्याचा पहिला निर्णय, आणि बहुधा सर्वांत महागडाही. गंमत अशी की तो घ्यावा लागतो एप्रिलच्या सुरुवातीला. नोव्हेंबरात बर्फ केव्हा पडेल हे तेव्हा कोणीच सांगू शकत नाही.

खेचरासारख्या मोठ्या कानांवरून या हरणाला ‘म्यूल’ हे नाव पडले. नराच्या शिंगाला फाटा फुटतो आणि त्या फाट्यालाही पुन्हा फाटा. वसंतात ही शिंगे उगवू लागतात, उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात. ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरच्या सुरुवातीला नर झाडाझुडपांवर घासून ती मखमल काढून टाकतो. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत माजाचा काळ असतो, आणि हिवाळा सरता सरता शिंगे झडून जातात. या चक्राचा ताल दिवसाच्या लांबीवर चालतो, थंडीवर नाही. बर्फ लवकर पडो वा उशिरा, माजाच्या तारखा फारशा हलत नाहीत. हंगाम निवडताना खात्रीने हिशेबात धरता येईल अशी गोष्ट ही एवढीच.

१९९० च्या दशकात हरणांची संख्या घटल्याची ओरड वाढली आणि १९९९ पासून म्यूल डिअरचे परवाने सोडतीने देण्याची पद्धत आली. त्यानंतर कळपांतील प्रौढ नरांचे प्रमाण सुधारले. सोडतीचा अर्ज करताना शिकारीच्या प्रत्येक प्रकाराला एक संकेत असतो. उदाहरणार्थ, ‘डी-एम-०५४-ओ४-आर’ म्हणजे हरीण, नर, युनिट (शिकारीसाठी आखलेले क्षेत्र) ५४, चौथा हंगाम, रायफल. हंगाम असा संकेतातच गुंफलेला असल्याने नंतर बदलायची सोय नसते. पहिल्या पसंतीचा परवाना मिळाला नाही तर अर्जदाराच्या खाती एक अग्रक्रम गुण जमा होतो; मिळाला की सगळे गुण शून्यावर येतात. म्हाडाच्या सोडतीची सवय असलेल्या मराठी वाचकाला अर्ज, प्रतीक्षा आणि निकालाच्या दिवसाची धाकधूक ओळखीची वाटेल. फरक एवढाच की इथे नशिबापेक्षा रांगेतली वर्षे अधिक मोजली जातात.

या व्यवस्थेत एक फट आहे आणि जाणते शिकारी ती वापरतात. गुण खर्च होतात ते फक्त पहिल्या पसंतीला. म्हणून पहिल्या पसंतीत नुसता गुण मागायचा आणि दुसऱ्या पसंतीत कमी मागणीचा हंगाम लिहायचा. नशिबाने परवाना लागला तर शिकारही होते आणि मोठ्या हंगामासाठीची पुंजीही वाढत राहते.

हंगामांचे स्वरूप

तारखा दरवर्षी थोड्या सरकतात. खाली २०२३ च्या दिल्या आहेत.

धनुष्यबाणाचा हंगाम २ ते ३० सप्टेंबर. या सुमारास मोठे नर वृक्षरेषेच्या (जिच्या वर झाडे वाढत नाहीत) आसपास, म्हणजे साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर, दोन-चार जणांच्या टोळीने चरत असतात. सुरुवातीच्या दिवसांत काहींच्या शिंगांवर अजून मखमल असते. उघड्या उतारावर ते दुर्बिणीतून मैलभरावरून दिसतात आणि त्यांची दिनचर्याही ठरलेली असते. पण दिसणे वेगळे आणि तीस-चाळीस मीटरपर्यंत पोचणे वेगळे. दुपारी विजांचा पाऊस येतो. उन्हात मांस खराब होण्याची भीती असते ती निराळीच. काही उंच युनिटांत याच महिन्यात रायफलचा एक छोटा खास हंगाम असतो. मोकळ्या पठारावरची हरणे आणि लांब पल्ल्याचे हत्यार अशी दुर्मीळ जोडी त्यात जमते. म्हणूनच त्याचे परवानेही थोडे.

ठासणीच्या बंदुकीचा हंगाम ९ ते १७ सप्टेंबर. या हंगामात बंदुकीवर दुर्बीण लावता येत नाही. नळीवरची माशी आणि नेम एवढाच आधार. मखमल उतरली की नर हळूहळू गर्द झाडीत शिरू लागतात. त्यामुळे हंगामाचे पहिले तीन-चार दिवस शेवटच्या तीन-चार दिवसांपेक्षा मोलाचे असतात.

रायफलचा पहिला हंगाम मुख्यतः एल्क या मोठ्या हरणाचा, तो इथे सोडून देऊ. दुसरा (२८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर) हा बहुसंख्य सामान्य शिकाऱ्यांचा. परवाने भरपूर, नऊ दिवसांची मुदत, अनेक युनिटांत गुणही फार लागत नाहीत. मात्र हरणाच्या दृष्टीने हा लपून बसण्याचा काळ. उन्हाळी कुरण सुटलेले, माज अजून चढलेला नाही. जुना नर दिवसभर दाट झाडीत पडून राहतो आणि रात्री चरतो. हवा उबदार राहिली तर नऊ दिवसांत मोठा नर नजरेला पडेलच असे नाही. एखादे जोरदार हिमवादळ आले तर मात्र चित्र एका रात्रीत पालटते.

तिसऱ्या हंगामात (११ ते १७ नोव्हेंबर) नर माद्यांच्या कळपांभोवती घिरट्या घालू लागतात. चौथा (२२ ते २६ नोव्हेंबर) पाचच दिवसांचा, पण ऐन माजातला. एरवी सावली पाहून पळणारा सहा-सात वर्षांचा नर भर दुपारी मादीमागे उघड्या माळावर उतरतो. मोठ्या शिंगांच्या मागे असलेल्यांची सारी धाव या पाच दिवसांकडे असते. त्याची किंमतही तशीच: नावाजलेल्या युनिटांत बाहेरच्या राज्यातील अर्जदाराला या परवान्यासाठी दहा वर्षांहून अधिक वाट पाहावी लागू शकते. वाट पाहणारे वाढले की लागणारे गुणही वर्षागणिक वाढतात. दोन गुण कमी पडतात म्हणून दोन वर्षे थांबावे, तर तोवर रांगच दोन पावले पुढे गेलेली असते. शिवाय झुंजीत शिंगांचे टोक मोडलेले असू शकते, माजाच्या धावपळीत नर बराच वाळलेला असतो आणि बर्फाने वरचे रस्ते बंद झालेले असतात. चौथा हंगाम सर्वांत चांगला हे म्हणूनच अर्धेच खरे वाटते. सर्वांत मोठा नर दिसण्याची शक्यता त्यात सर्वाधिक, इतकेच.

उंची आणि स्थलांतर

तारखांइतकेच महत्त्व युनिटच्या उंचीला आहे, आणि नवखे शिकारी चुकतात ते इथेच. म्यूल डिअर उन्हाळ्यात उंचावर आणि हिवाळ्यात सेजब्रश या झुडपाच्या सखल माळांवर राहतो. बर्फ गुडघ्याच्या वर गेला की त्याला चालणे जड जाते, म्हणून साचू लागण्याआधीच कळप खाली सरकतात. ज्या युनिटात हिवाळी कुरणे आहेत तिथे नोव्हेंबरात शेजारच्या डोंगरांवरची हरणेही येऊन मिळतात. उशिराचा परवाना तिथे सोन्यासारखा. पण जे युनिट जवळजवळ सगळे उंचावर आहे, तिथे त्याच तारखांना निव्वळ बर्फ आणि जुने माग उरतात. अशा युनिटासाठी सप्टेंबरच बरा. काही कळप तर स्थलांतर करतच नाहीत, वर्षभर एकाच टापूत राहतात. त्यांच्या बाबतीत वादळाची वाट पाहण्यात अर्थ नसतो. नकाशावर आधी हरणांची वाट शोधावी आणि मग हंगाम लिहावा, हा क्रम उलटा झाला की दहा वर्षांचे गुण रिकाम्या डोंगरावर खर्च होतात.

खात्याचा हिशेब

परवाने देणाऱ्या कोलोराडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ या संस्थेच्या दृष्टीने हंगाम म्हणजे नर-मादी प्रमाण राखण्याचे साधन. माजातले नर सहज टिपले जातात, म्हणून त्या दिवसांचे परवाने हात आखडून दिले जातात. २०२० पासूनच्या पंचवार्षिक आखणीत रायफलचे नंतरचे हंगाम सुमारे आठवडाभर पुढे ढकलले गेले. त्यामुळे तिसरा हंगामही माजाच्या जवळ आला, आणि जुने नर जास्त मारले जातील अशी नाराजी शिकाऱ्यांतूनच उमटली.

उलट दिशेने ओढणारे कारण म्हणजे क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग. तो प्रथम १९६७ मध्ये याच राज्यात फोर्ट कॉलिन्स येथील संशोधन केंद्रातील हरणांत आढळला. प्रौढ नरांत त्याचे प्रमाण माद्यांपेक्षा जास्त असते. २०१९ च्या राज्य आराखड्यानुसार प्रौढ नरांतील लागण पाच टक्क्यांवर गेली की उपाय योजायचे असतात. काही कळपांत उशिराच्या हंगामाचे परवाने वाढवणे हा त्यातलाच एक. कुठे हे परवाने अचानक सोपे झालेले दिसले तर आनंदाआधी कारण पाहिलेले बरे. हिवाळ्याचाही फटका बसतो. २०२२-२३ च्या कडक हिवाळ्यात राज्याच्या वायव्य भागात मोठ्या प्रमाणात हरणे दगावली आणि तिथले परवाने बरेच कमी करण्यात आले.

काही नियम सर्व हंगामांना सारखे आहेत. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्याने शिकारी प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. मारलेल्या हरणाचे खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे गुन्हा आहे. रायफल व ठासणीच्या हंगामांत भडक नारिंगी किंवा (२०१६ पासून) गुलाबी वस्त्र अंगावर हवे. मांसासाठी जाणारे बहुतेक जण शिंगांच्या मागे लागत नाहीत. दुसऱ्या हंगामाचा किंवा मादीचा परवाना घेतात आणि दरवर्षी रानात जातात.

भारतात हा प्रश्न आता इतिहासजमा आहे. मध्य प्रांतात वनखाते शिकारीचे ‘ब्लॉक’ ठराविक दिवसांसाठी देत असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही सुरुवातीला शिकार परवान्यांची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. आपल्याकडच्या चितळाला तर नोव्हेंबरचे गणित लागूही पडले नसते. त्याचे नर वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी शिंगे झाडतात, त्यामुळे पक्क्या शिंगांचा आणि मखमलीतला असे दोन्ही नर एकाच कळपात, एकाच दिवशी दिसू शकतात.