पुन्हा करेल का?

२० जानेवारी १८४३. लंडनच्या रस्त्यावरून एडवर्ड ड्रमंड चालले होते. पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे ते खासगी सचिव. मागून आलेल्या माणसाने पिस्तूल काढलं आणि त्यांच्या पाठीत गोळी झाडली. पाच दिवसांनी ड्रमंड गेले. गोळी झाडणारा डॅनियल मॅकनॉटन हा ग्लासगोचा, लाकडाचं कातकाम करणारा कारागीर. पील यांच्या टोरी पक्षाची माणसं आपल्या पाळतीवर आहेत, ती आपल्याला जगू देणार नाहीत, असं त्याच्या मनाने घट्ट धरलं होतं. ड्रमंड यांनाच तो पील समजला, असं मानलं जातं. त्याच्याकडे बँकेत ठेवलेल्या ७५० पौंडांची पावती सापडली. त्या काळी ही फार मोठी रक्कम. हा माणूस कंगाल नव्हता आणि लुटायलाही आला नव्हता.

ज्यूरीने त्याला वेडेपणाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. लोक खवळले, राणी व्हिक्टोरियाही नाराज झाली. मग हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना प्रश्न विचारले आणि त्यांच्या उत्तरांतून ‘मॅकनॉटन नियम’ तयार झाले. कृत्य करताना मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय हे आरोपीला कळत नव्हतं का? किंवा कळत असलं, तरी ते चूक आहे हे उमगत नव्हतं का? जगातल्या कितीतरी न्यायालयांत आजही याच प्रश्नांभोवती वाद होतात. ‘निर्दोष’ म्हणजे सुटका, असं मात्र नव्हे. मॅकनॉटन उरलेलं आयुष्य बंदिस्त रुग्णालयांतच राहिला आणि १८६५ मध्ये ब्रॉडमूर इथे वारला.

न्यायवैद्यक मानसोपचार, म्हणजे आरोपीच्या मनाची तपासणी करून न्यायालयाला मत देणारी शाखा, अशा खटल्यांतून वाढली. तिचं काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा बरंच साधं आणि चिकाटीचं आहे. ‘तू हे का केलंस?’ हा प्रश्न चांगला तज्ज्ञ सहसा सुरुवातीलाच टाकत नाही. तो आदल्या रात्रीपासून सुरू करतो. झोप किती लागली? काय खाल्लं? कुणाशी बोललास? सुरी कुठून घेतली? नंतर ती कुठे ठेवलीस? या शेवटच्या प्रश्नात पुष्कळ काही दडलेलं असतं. सुरी धुऊन लपवणारा माणूस आपण चूक केली हे जाणून असण्याची शक्यता जास्त. ती हातात तशीच धरून दारात बसून राहिलेला, किंवा ‘मी सगळ्यांना वाचवलं’ असं पोलिसांना समाधानाने सांगणारा माणूस वेगळ्या जगात असू शकतो. पण यातली एकही खूण एकटी पुरेशी नसते. भ्रमात बुडालेला माणूसही घाबरून पळतो, कारण शत्रू मागे लागलेत असं त्याला वाटत असतं.

सोंग करणारेही येतात. त्यांना ओळखताना खऱ्या आजाराची बारीकसारीक माहिती कामी येते. आजारामुळे ज्याला खरोखरच आवाजांचे भास होतात, त्याला ते बहुधा अधूनमधून येतात, आणि ते कमी करण्याचे त्याचे स्वतःचे उपाय असतात. कुणी रेडिओ मोठ्याने लावतो, कुणी फेऱ्या मारतो, कुणी नुसता पडून राहतो. सोंग करणारा सांगतो की आवाज अखंड चालू असतात. मग तेव्हा तू काय करतोस, असं विचारलं की तो अडखळतो. दुःख सोसलेल्या माणसाला त्या दुःखाशी जुळवून घेण्याचे तपशील ठाऊक असतात आणि ते आयत्या वेळी रचता येत नाहीत. या विद्येतला मला सर्वांत जास्त भावणारा भाग हाच आहे.

तरीही भूतकाळाचा उलगडा हा कामाचा सोपा भाग म्हणावा लागेल. न्यायाधीश, तुरुंग, कुटुंब, सगळ्यांना खरं उत्तर हवं असतं ते एकाच प्रश्नाचं: हा पुन्हा करेल का?

या प्रश्नावर विज्ञानाने एकदा सणसणीत मार खाल्लाय. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॉनी बॅक्सट्रम या कैद्याच्या बाजूने निकाल दिला. शिक्षा संपल्यावरही त्याला मनोरुग्ण गुन्हेगारांसाठीच्या संस्थेत डांबून ठेवलं होतं. या निकालामुळे न्यूयॉर्क राज्याला अशा साडेनऊशेहून अधिक रुग्णांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. ही माणसं धोकादायक, असं त्यांच्याबद्दलचं अधिकृत मत होतं. सगळे धास्तावले होते. संशोधकांनी पुढची काही वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा दिसलं की त्यांतल्या बहुसंख्यांनी हिंसा केलीच नाही. म्हणजे शेकडो माणसं डॉक्टरांच्या चुकीच्या अंदाजामुळे कुलपाआड राहिली होती.

असं का होतं, ते साध्या गणिताने कळतं. समजा, हजार माणसांपैकी ५० जण पुढे हिंसा करणार आहेत, आणि आपली चाचणी दोन्ही बाजूंनी ८० टक्के अचूक आहे. ती त्या ५० पैकी ४० जण बरोबर पकडेल. पण उरलेल्या ९५० निरुपद्रवी माणसांतल्या १९० जणांवरही ‘धोकादायक’ असा शिक्का मारेल. शिक्का बसलेले २३०, त्यांतले खरे ४०. सहा जणांत जेमतेम एक. चाचणी तशी वाईट नाही. जी गोष्ट मुळात कमी घडते तिचं भाकीत करणंच असं निसरडं असतं.

म्हणून आता नुसत्या अनुभवाच्या जोरावर मत देण्याऐवजी ठरलेल्या मुद्द्यांची जंत्री वापरतात. एचसीआर-२० ही त्यांतली प्रसिद्ध पद्धत. २० मुद्द्यांपैकी १० भूतकाळाचे, ५ सध्याच्या मानसिक स्थितीचे आणि ५ पुढे येणाऱ्या परिस्थितीचे. भूतकाळ बदलत नाही, पण उरलेले दहा बदलू शकतात आणि उपचारांना वाव तिथेच असतो.

आजार आणि गुन्हा यांचं नातं लोक समजतात तेवढं सरळ नाही. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका आढाव्यात १२ देशांतल्या सुमारे २३ हजार कैद्यांची माहिती एकत्र केली होती. पुरुष कैद्यांत ३.७ टक्क्यांना सायकोसिससारखा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याचा, गंभीर आजार होता आणि १० टक्क्यांना तीव्र नैराश्य. बाहेरच्या समाजापेक्षा हे प्रमाण जास्त आहे, आणि हे रुग्ण उपचारांविना तुरुंगात खितपत पडतात याची मला चीड येते. पण यातून उलटंही दिसतं: तुरुंगातल्या बहुसंख्य पुरुषांना असा आजार नाही. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी सोडलेल्या हजारावर रुग्णांवर लक्ष ठेवलं गेलं. ज्यांना दारू-ड्रग्जची समस्या नव्हती, त्यांच्यात हिंसेचं प्रमाण व्यसन नसलेल्या शेजाऱ्यांइतकंच निघालं. व्यसनाने मात्र दोघांकडेही धोका वाढवला. बातमीत ‘मनोरुग्णाने हल्ला केला’ असं वाचून जे शेजारी दार लावून घेतात, त्यांच्यापर्यंत हा निष्कर्ष पोहोचायला हवा.

वयाचाही मोठा वाटा आहे. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलं की गुन्ह्याच्या वाटेला जाणारी बहुतेक मुलं पौगंडावस्थेपुरतीच तिथे जातात आणि पुढे मार्गाला लागतात. लहानपणापासून सुरू होऊन पुढेही चालू राहणारं वर्तन थोड्यांचंच.

बंदिस्त रुग्णालयातून एखाद्याला बाहेर सोडायच्या आधी डॉक्टर, परिचारिका आणि तो स्वतः मिळून एक कागद तयार करतात. आजार उलटायला लागला की सर्वांत आधी काय होतं, ते त्यात त्याच्याच शब्दांत असतं. ‘मी पडदे ओढून घेतो. दोन रात्री झोपत नाही. बहिणीचा फोन उचलत नाही.’ खाली नंबर असतो, पहिला फोन कुणाला करायचा त्याचा. बऱ्याचदा तो त्या बहिणीचाच असतो, आणि कागदाची एक प्रत तिच्याकडेही असते.